पान वाचणाऱ्याच्या हाती

वर्तमानपत्राचे पान लावणाऱ्याला कागद केवढा आहे हे आधीच ठाऊक असते. मथळा, छायाचित्र, चौकट यांच्या जागा एकदा ठरल्या की तेच पान घरोघरी तसेच पोहोचते. मी संकेतस्थळांची पाने तयार करतो. तिथे कागद जणू वाचणाराच आणतो. एकाकडे टेबलावरचा रुंद पडदा, दुसऱ्याकडे तळहाताएवढा मोबाइल. कुणी तो आडवा धरतो, कुणी अक्षरे मोठी करतो.

सुरुवातीची बरीच वर्षे पाने ठरावीक रुंदीची बांधली जात. ‘८०० बाय ६०० च्या पडद्यावर उत्तम दिसेल’ अशी सूचनाही अनेक पानांवर असे. २००० साली जॉन ऑलसॉप यांनी एका लेखात सांगितले, की छापील पानासारखा ताबा इथे मिळत नाही ही उणीव मानू नका. लवचिकपणा हेच या माध्यमाचे बळ आहे. २०१० मध्ये इथन मार्कोट यांनी त्याची रीत मांडली. रुंदी टक्क्यांत मोजायची, चित्रे जागेनुसार आकसू द्यायची आणि पडदा अरुंद झाला की रकाने एकाखाली एक घ्यायचे.

पडद्याचा प्रश्न असा सुटला, तरी माणसाच्या सवयी उरतातच. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये २३२ जणांची नजर पानावर कशी फिरते ते तपासले. वरच्या एकदोन ओळी आडव्या वाचून नजर डाव्या कडेने खाली घसरत होती. सलग मजकुराला उपशीर्षके दिली, की तिला थांबायला जागा मिळते. शिवाय घरात माणूस पुढच्या दाराने येतो. इथे तो शोधयंत्रातून थेट माजघरात उतरतो. म्हणून आपण कुठे आहोत, हे प्रत्येक पानाने सांगायला हवे.

आपल्या लिपीची अडचण वेगळीच. इंग्रजीसाठी मापलेल्या चौकटीत वेलांटी वरून कापली जाते, उकार खालून. ‘अर्ज दाखल करा’ हे तीन शब्द लहानशा बटणात मावत नाहीत.

हा निव्वळ देखणेपणाचा प्रश्न नाही. निवृत्तिवेतनाचा अर्ज भरणारे एखादे आजोबा मोबाइलवर अक्षरे मोठी करतात आणि दाखल करण्याचे बटण पडद्याबाहेर जाते. मुदत टळते, आणि ‘मला हे जमत नाही’ म्हणून ते स्वतःलाच दोष देतात. २००८ च्या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांनुसार अक्षरे २०० टक्के मोठी केली, तरी मजकूर वा सोय हरवता कामा नये. पान तयार करणाऱ्यांनी एवढी एक चाचणी जरूर करावी. आणि श्रोतेहो, अक्षरे मोठी केल्यावर बटण नाहीसे झाले, तर संकोच न करता त्या संकेतस्थळाच्या चालकांना कळवा. दुरुस्ती त्यांनी करायची आहे.