वक्र आकार आणि यंत्राची वाट
(जीर्णोद्धार सोहळ्यानिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील भाषण)



गावोगावची तरुण मुले आज पिंपरी-चिंचवड, कोल्हापूर अशा ठिकाणी कारखान्यांत ‘सीएनसी’ यंत्रावर काम करतात. सणावाराला मुलगा घरी आला आणि वडिलांनी कामाची चौकशी केली, की पुष्कळदा उत्तर मिळते, “बटण दाबायचे, बाकी यंत्र आपोआप करते.” हे उत्तर खोटे नाही, परंतु ते अर्धेच आहे. यंत्र आपोआप चालते खरे, पण त्याने कोठून कोठे जावयाचे ते आधी कोणीतरी ठरवून द्यावे लागते. सपाट पाट किंवा सरळ भोक असेल तर हे ठरविणे सोपे. मोटारीच्या पत्र्याची डाय, पंपातील इंपेलर, टर्बाइनचे पाते अशा सर्व बाजूंनी वळलेल्या वस्तूंची वाट आखणे मात्र बुद्धीची कसोटी पाहते.

या विद्येचा उगमच मुळी एका वक्र वस्तूतून झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात ट्रॅव्हर्स सिटी येथे जॉन पार्सन्स नावाचे कारखानदार हेलिकॉप्टरची पाती तयार करीत. पात्याचा आकार तपासण्यासाठी पत्र्याचे नमुने लागत. आराखड्यात त्या वक्ररेषेवरचे अवघे १७ बिंदू दिलेले असत. मधली रेषा कारागिराने जुळवावयाची आणि कानशीने घासून आणावयाची. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनी पंच-कार्डांवर चालणाऱ्या हिशेबयंत्राच्या साहाय्याने १७ च्या जागी २०० बिंदू काढले. मग एकाने आकडे मोठ्याने वाचावयाचे आणि दोघांनी मिलिंग यंत्राचे एकेक चाक त्याबरहुकूम फिरवावयाचे, अशी पद्धत पडली. आकडे माणसाला वाचून दाखविण्याऐवजी थेट यंत्रालाच का देऊ नयेत, हा पुढचा विचार. १९४९ मध्ये अमेरिकेच्या हवाई दलाने या कामाला पैसा दिला आणि सप्टेंबर १९५२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत भोके पाडलेल्या कागदी पट्टीवर चालणारे मिलिंग यंत्र लोकांना दाखविण्यात आले.

यंत्र तर झाले. पण आकडे काढता काढता माणसे थकून जात. तेव्हा त्याच संस्थेतील डग्लस रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘एपीटी’ नावाची संगणकाची भाषा सिद्ध केली. माणसाने आकार आणि कटर यांचे वर्णन करावे, बिंदूंचा हिशेब संगणकाने करावा, अशी तिची रीत. १९५९ मध्ये वार्ताहरांना ती दाखविताना ॲल्युमिनियमची रक्षापात्रे कापून भेट देण्यात आली होती. पुढे रेनॉ या मोटार कंपनीतील पिअर बेझिए आणि सित्रोएनमधील पॉल द कास्तेलजो या दोन फ्रेंच गृहस्थांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कोणताही डौलदार वक्र थोड्या बिंदूंनी पक्का बांधण्याची रीत शोधली. आजचे संगणक मोटारीचा आकार लक्षात ठेवतात ते याच वंशातल्या गणिताने.

आता प्रत्यक्ष वाट कशी आखतात ते पाहू. पहिली गोष्ट अशी, की यंत्राला बहुधा सरळच चालता येते. वक्र आकाराच्या प्रोग्रॅममध्ये आजही बहुतेक ओळी ‘येथून तेथे सरळ जा’ एवढेच सांगतात. अशा हजारो आखूड सरळ टप्प्यांनी वक्र साधावयाचा असतो. १०० मिलिमीटर त्रिज्येच्या कमानीवर एक शतांश मिलिमीटर फरक चालणार असेल, तर टप्पा सुमारे २.८ मिलिमीटरचा घेता येतो. फरक चौथाईवर आणावयाचा तर टप्पा निम्मा करावा लागतो. म्हणजे किती चूक चालेल, हे काम सुरू होण्यापूर्वीच प्रामाणिकपणे ठरवावे लागते.

दुसरी गोष्ट शेतकऱ्याला चटकन समजेल. गोल टोकाचा कटर शेतातल्या नांगरासारखा शेजारी-शेजारी तास घालीत जातो आणि दोन तासांमध्ये बारीक वरंबा उरतो. दोन तासांतील अंतराचा वर्ग करावा आणि त्याला कटरच्या त्रिज्येच्या आठपटीने भागावे, म्हणजे वरंब्याची उंची अदमासे मिळते. कटर १० मिलिमीटर व्यासाचा आणि अंतर १ मिलिमीटर असेल तर सपाटीवर वरंबा २५ मायक्रॉनचा राहतो. अंतर अर्धे केले तर तो ६ मायक्रॉनच्या आसपास येतो, पण यंत्राचा वेळ दुप्पट होतो. उरलेला वरंबा पॉलिश करणारा कारागीर हाताने घालवितो. यंत्राचे तास वाचवावे की त्या कारागिराचे श्रम, हा हिशेब आखणाऱ्यालाच करावा लागतो.

तिसरी गोष्ट सर्वांत धोक्याची. कटरचा मध्यबिंदू पृष्ठभागावरून जात नाही. तो त्रिज्येएवढा दूर, पृष्ठभागाशी काटकोनात राहून चालतो. आतल्या कोपऱ्याची गोलाई ४ मिलिमीटर आणि कटरची त्रिज्या ५ मिलिमीटर असेल, तर तो तेथे मावणारच नाही. हे न पाहता रेटले तर भिंत खोल खरवडली जाते. शिवाय जात्याचा मध्य जसा जागच्या जागी फिरतो, तसे गोल कटरच्या अगदी टोकाला वेगच नसतो; तेथे धातू कापला न जाता रगडला जातो. म्हणून पाच अक्षांच्या यंत्रावर कटर कलता धरतात. मात्र कलताना त्याची मूठ जॉबाला लागणार नाही, हेही पाहावे लागते.

पोलादाचा ठोकळा एकदा जास्त कापला गेला की तो पूर्वीसारखा होत नाही. वेल्डिंगने भरता येतो, परंतु डाग राहतो आणि त्या ठोकळ्यावर घातलेले कित्येक दिवस वाया जातात. यंत्राला चूक कळत नाही. ते चुकीची आज्ञाही तितक्याच इमानाने पाळते. म्हणून जाणता माणूस सारी वाट आधी पडद्यावर फिरवून पाहतो, मग कटर जॉबापासून वर धरून हवेत चालवितो आणि शंका असेल तर आधी लाकडावर किंवा मेणावर कापून बघतो. हल्लीच्या संगणकात वाट पुष्कळशी आपोआप आखली जाते. तथापि कटर कोणता, अंतर किती, चूक किती चालेल, हे अजूनही माणसालाच सांगावे लागते.

मुलांना या धंद्यात घालणाऱ्या पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. बटण दाबणे आठवड्यात शिकता येते, आणि आठवड्यात शिकलेल्या कामावर माणूस बदलायलाही मालकाला वेळ लागत नाही. ज्याची भूमिती आणि त्रिकोणमिती पक्की आहे, ज्याला आराखडा वाचता येतो आणि ज्याच्या हाताने काही महिने तरी कानस व लेथ चालविली आहे, तो वाट आखणारा होऊ शकतो. शाळेत भूमितीचा तास कंटाळवाणा वाटत असेल, तर मुलाला सांगावे की पुढे यंत्र त्याच्या हुकमाने चालायचे की तो यंत्राच्या, हे बरेचसे त्या तासातच ठरते.