दुधाच्या दाढेची राखण



आपल्या दंतवैद्यांच्या या परिषदेत दोन दिवस अलाइनर आणि स्कॅनर यांवर भरपूर बोलले जाईल, हे बाहेरचे स्टॉल पाहूनच कळते. मी मात्र दुधाच्या दाढेबद्दल बोलणार आहे.

सात-आठ वर्षांच्या मुलाला घेऊन आई येते. "डॉक्टर, दात एकावर एक येतायत, आत्ताच तारा लावून टाका ना." आपण पाहतो, तर खालच्या पुढच्या चार दातांत एक-दोन मिलिमीटरची दाटी आणि वरच्या दोन दातांत फट. पुढचे कायमचे दात दुधाच्या दातांपेक्षा रुंद. वरच्या चारांची मिळून रुंदी साधारण सात मिलिमीटरनी जास्त भरते. थोडी जागा दुधाच्या दातांमधल्या फटींतून मिळते, थोडी जबडा रुंदावून. एवढी दाटी या वयात नेहमीची आहे आणि वरची फटही सुळे उतरले की बहुधा मिटते. अशा मुलाला तारा लावणे म्हणजे निसर्गाच्या कामाचे बिल आपण फाडणे. हे बोलणे काहींना लागेल, पण सातव्या वर्षी पहिला टप्पा आणि बाराव्या वर्षी दुसरा, अशी पॅकेजे आपल्यातच विकली जातात.

खरी दौलत मागे आहे. दुधाचा सुळा आणि दोन दाढा यांच्या जागी येणारे कायमचे दात मिळून अरुंद असतात. नॅन्स यांनी १९४७ मध्ये दिलेल्या सरासरीप्रमाणे खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला १.७ मिलिमीटर जागा उरते, वरच्या जबड्यात ०.९. म्हणजे खाली दोन्ही बाजू मिळून ३.४ मिलिमीटर. दुसरी दुधाची दाढ पडण्याआधी साधी लिंग्वल आर्च बसवली, तर ही जागा पुढच्या दातांच्या कामी येते आणि मध्यम दाटी बरीचशी तिथेच सुटते. नाही बसवली, तर सहाव्या वर्षी आलेली कायमची दाढ पुढे सरकून ती जागा खाऊन टाकते. आर्च बसवण्याची ही वेळ साधारण दहा-अकराव्या वर्षी येते, सातव्या नव्हे.

आता आपल्या गावातले दृश्य पाहा. दाढ किडते, मूल रात्रभर रडते, घरचे म्हणतात, "दुधाचीच आहे, पडणारच आहे." दाढ काढली जाते आणि स्पेस मेंटेनरचा विषयही निघत नाही. उपदाढ यायला तीन-चार वर्षे असतात. तोवर मागची दाढ पुढे कलते आणि उपदाढ आतल्या बाजूने उगवते किंवा हाडातच अडकते. माझ्याकडे चौदाव्या वर्षी चांगल्या उपदाढा काढायला येणाऱ्या मुलांपैकी अनेकांची कहाणी हीच असते. आनुवंशिकतेने लहान जबडा आणि मोठे दात मिळालेली मुले वेगळी. पण दुधाची दाढ अशी काढल्याने झालेली दाटी आपण घडवलेली आहे.

खालचे दात वाकडे दिसताच दुधाचे सुळे काढून टाकण्याची सवयही सोडायला हवी. पुढचे दात सरळ दिसतात, पण आत कलतात आणि कमान आखडते. क्रमाने दात काढण्याची कल्पना फ्रान्सच्या ब्युनों यांनी १७४३ मध्येच मांडली होती, आणि तीव्र दाटीत, जबड्यांचा मेळ नीट असेल तर, ती आजही कामाची आहे. तिच्यासाठी एक्स-रे, मोजमाप आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा लागतो.

थांबू नये अशी कामेही आहेत. वरचा पुढचा दात खालच्याच्या मागे अडकला असेल तर लगेच सोडवावा. दात फार पुढे असतील तर पडल्यावर तुटण्याचा धोका सांगावा. दहाव्या वर्षी वरचा सुळा हिरडीवर बोटाने चाचपावा. लागला नाही तर एक्स-रे काढावा.

माझी विनंती दोनच गोष्टींची आहे. सामान्य दंतवैद्यांनी दुधाची दुसरी दाढ आधी रूट कॅनॉल करून वाचवावी. काढावीच लागली तर जागा राखण्याचे साधन त्याच केस पेपरवर लिहावे. आणि आम्ही ऑर्थोडॉन्टिस्टांनी सात वर्षांच्या मुलाच्या पालकांना, गरज नसेल तिथे, फक्त पुढच्या तपासणीची तारीख द्यावी. त्यासाठी फी घ्यायला माझी हरकत नाही.