घरच्यांना पटेल तेव्हा पटेल

 

रोवणी आटोपली. हातापायांना जरा उसंत मिळाली आहे. म्हणून आज असा विषय घेऊन आले आहे, जो आपण गटाच्या बैठकीत कधी काढत नाही. कर्ज, परतफेड, शेळ्या, मोहफूल, तेंदूपत्त्याचा बोनस, सगळ्यावर आपण बोलतो. दशसूत्री म्हणताना "नियमित आरोग्याची काळजी" हे सहावं सूत्रही म्हणतो. पण त्या आरोग्यात मन धरत नाही. आज मनाच्या आजाराबद्दल बोलू, ज्याला नैराश्य म्हणतात. आणि त्यातही त्या बाईबद्दल, जिच्या घरी हा आजार कोणी मानतच नाही.

दुसऱ्या कोणाची गोष्ट कशाला, माझीच सांगते.

सात वर्षं झाली. माझी धाकटी तेव्हा चार महिन्यांची होती. सकाळी डोळे उघडले की वाटायचं, झाला पुन्हा दिवस सुरू. विहिरीवरून गुंड उचलून आणायची ताकद नसे. फोडणी टाकता टाकता हात थांबायचा आणि आपण चुलीपुढे कशाला बसलो तेच आठवायचं नाही. लेकरू रडलं तरी उठावंसं वाटायचं नाही, आणि उठले नाही म्हणून स्वतःचाच राग यायचा. मी बी.ए. झालेली, वीस-वीस गटांना हिशोब शिकवणारी. तरी आपल्याला काय होतंय ते मला कळलं नाही.

घरच्यांना तर कुठून कळणार? नवरा म्हणाला, "तुले कशाची कमी आहे? खायला आहे, प्यायला आहे." सासूबाई म्हणाल्या, "आमी बाराव्या दिवशी बांधीत उतरलो, आमाले नाही झालं असं काही." मग पुजाऱ्याकडे नेलं. लिंबू उतरवलं, धागा बांधला. मी गेले, कारण नाही म्हणायचीही ताकद नव्हती.

ओळखलं ते आमच्या गटातल्या एका काकूनं. तिला सहीपुरतंच लिहिता येतं. पण ती कोषाध्यक्ष, पैसा तोंडपाठ. दोन बैठकांत माझी बेरीज चुकली. तिनं सगळ्यांसमोर काही विचारलं नाही. बाया गेल्यावर थांबली आणि म्हणाली, "पोरी, तुझ्या हिशोबात कधी पाच रुपयांचा फरक येत नाही. काय होऊन राहिलं तुले?" मी तासभर रडले. तिनं मध्ये एकही सल्ला दिला नाही. शेवटी एवढंच म्हणाली, "घरच्यांना पटेल तेव्हा पटेल. मंगळवारी तू माझ्यासंगं दवाखान्यात चल."

आम्ही गेलो. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं विचारून घेतलं. मी अंगावर पाजते हे सांगितल्यावर त्याप्रमाणे गोळी दिली. घरी नवऱ्यानं गोळ्यांचं पाकीट पाहिलं आणि "वेडाच्या गोळ्या आपल्या घरात नकोत" म्हणून उकिरड्यावर फेकलं. दुसऱ्या पाकिटापासून गोळ्या काकूच्या घरी राहिल्या. रोज संध्याकाळी तिच्या ओसरीवर जाऊन मी गोळी घ्यायची. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एका सकाळी शेजारच्या घरातून सुकटीचा वास आला आणि मला भूक लागली. कितीतरी महिन्यांनी लागलेली ती भूक मला अजून आठवते.

पुढे डॉक्टरांनीच निरोप दिला म्हणून नवरा एकदा सोबत आला. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर थोडा नरमला. सासूबाई अजूनही म्हणतात की लिंबानं गुण आला. म्हणोत. मी बरी झाले.

बायांनो, आज मला सांगायचं आहे ते एवढंच. घरचे मानतील, मग उपचार करू, असं म्हणून थांबू नका. आधी उपचार सुरू करा. घरच्यांना पटवणं मागून होत राहील.

आता हा आजार ओळखायचा कसा? दुःख सगळ्यांनाच होतं. माणूस गेलं, पीक बुडालं, तर रडू येणारच. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त, बहुतेक रोज, मन उदास राहतं किंवा कशातच गोडी वाटत नाही, आणि त्यासोबत झोप उडते किंवा झोपच संपत नाही, भूक जाते, अंगात त्राण राहत नाही, लक्ष लागत नाही, आपण सगळ्यांवर ओझं आहोत असं वाटतं, मरण बरं असे विचार येतात, तेव्हा दवाखाना दाखवायचा. आपल्या बाया "मन उदास आहे" असं म्हणत नाहीत. त्या म्हणतात डोकं गच्च झालं, छातीत धडधडते, हातपाय गळाले. म्हणून वर्षभर डोकेदुखीच्या गोळ्या खातात आणि मूळ दुखणं तसंच राहतं. रक्त कमी असलं, थायरॉइड असलं तरी असा थकवा येतो, आणि आपल्या भागात सिकलसेलही आहे. म्हणून आधी रक्त तपासून घेणं चांगलं.

आणि "आमाले नाही झालं" याचं उत्तर आपल्या गडचिरोलीनंच दिलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी इथल्या दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली छापून आला आणि जगभर गाजला. १०० पैकी ९२ बायांना स्त्रियांचा काही ना काही आजार निघाला. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८. बाई बोलली नाही म्हणजे तिला दुखत नव्हतं, असं नसतं. मनाच्या दुखण्याचंही तसंच आहे. आपल्या सासवांनाही ते झालं असेल. त्यांना कोणी विचारलं नाही.

विचारलं तर काय होतं, तेही आपल्या विदर्भात दिसलं आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम झाला. गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांना शिकवून घरोघर मनाच्या आजाराबद्दल बोलणं सुरू केलं. आधी नैराश्य असलेल्या १०० माणसांपैकी जेमतेम ४ जण उपचारापर्यंत पोचत होते, नंतर २७ पोचू लागले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचं प्रमाणही निम्म्यावर आलं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' या कामात गावातल्याच माणसांना शेजाऱ्याचं दुःख ऐकून घ्यायला शिकवलं. म्हणजे आमच्या काकूनं केलं तेच.

आता घरच्यांचं काय करायचं? मी पाहिलं आहे, साथ न देणारे घरचे तीन तऱ्हेचे असतात.

पहिले, ज्यांना कळत नाही. त्यांच्याशी भांडत बसू नका. "मला समजून घ्या" असं म्हटलं तर त्यांना नेमकं काय करायचं ते कळत नाही. त्यापेक्षा छोटं, ठरावीक काम मागा. "मंगळवारी दुपारी दोन तास लेकरू सांभाळा." "सकाळचं पाणी पंधरा दिवस तुम्ही भरा." आजार न मानणारा माणूसही पाणी भरून देतो. शुगरची, बीपीची गोळी रोज घ्यावी लागते तशीच ही आहे, असं सांगा. जमलं तर एकदा डॉक्टरांसमोर बसवा. आणि सगळं घर एकदम पटवायला जाऊ नका. दीर, नणंद, मोठा मुलगा, जो थोडा मऊ वाटतो त्याला आधी धरा.

दुसरे, ज्यांना भीती वाटते. लोक काय म्हणतील, पोरीचं लग्न कसं होईल. ही भीती खोटी नाही, आपलं गाव आपल्याला माहीत आहे. त्यांना सांगा की २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं उपचार हा आपला हक्क आहे, आणि आपली माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. सज्ञान बाईला डॉक्टरला दाखवायला नवऱ्याची सही लागत नाही. कुठं चालली असं गावात कोणी विचारलं तर "दवाखान्यात" एवढं उत्तर पुरे.

तिसरे, जे स्वतःच त्या दुखण्याचं कारण आहेत. रोजची मारहाण, दारू, संशय. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तरी दारू कोणाकोणाच्या घरात पोचते ते आपण जाणतो. अशा घरातल्या बाईला नुसती गोळी देऊन भागत नाही. ती घ्यावीच, पण १८१ या महिला हेल्पलाइनवर बोलावं. जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे. मार खाणाऱ्या बाईला "तू मन खंबीर कर" असं म्हणू नका. तिचं मन खंबीर आहे, म्हणून तर ती अजून उभी आहे.

उपचार कुठं मिळतात? पहिली पायरी आपल्या गावची आशाताई आणि उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी. उपकेंद्रातून ई-संजीवनीवर डॉक्टरशी बोलणं होऊ शकतं. जिल्हा सामान्य रुग्णालयात मनोविकाराचे डॉक्टर कोणत्या दिवशी बसतात ते आशाताईला आधी विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. टेली मानसचा नंबर १४४१६. दिवसरात्र चालू, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. ज्या टोलीवर टॉवर लागत नाही, तिथल्या बायांनी बाजाराच्या दिवशी आल्यावर गटातल्या कोणाच्या तरी फोनवरून बोलावं. एस.टी.त मार्च २०२३ पासून आपल्याला अर्धं तिकीट आहे. तेवढेही पैसे घरून मिळत नसतील, तर ग्रामसंघाकडं जोखीम प्रवणता निधी असतो. आजारपणासाठीही तो आहे. त्यासाठी बाईला ग्रामसंघाच्या सभेत उभं करून कारण सांगायला लावू नका. "आजारपण" एवढं लिहिलं की झालं.

गोळ्यांबद्दल दोन गोष्टी. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आठवड्यात फरक नाही म्हणून सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणूनही आपल्या मनानं बंद करू नका. डॉक्टर बहुतेकदा आणखी काही महिने घ्यायला सांगतात. नैराश्याच्या गोळीचं व्यसन लागत नाही. दुकानातून आपल्या मनानं घेतलेल्या झोपेच्या गोळीची मात्र सवय लागू शकते, ती टाळा.

आता गटाचं काम. कोणी दोन बैठका आली नाही, कोणाचा हप्ता अचानक चुकू लागला, नेहमी बोलणारी गप्प बसली, तर आधी दंड लावू नका. एकीनं तिच्या घरी जावं. सगळ्या मिळून जाऊ नका, गावभर होतं. ऐकून घ्यावं. "जास्त विचार करू नको," "लेकरांकडं बघ," हे बोलू नये. ती विचार करत नाही, विचार तिला सोडत नाहीत. तिनं सांगितलेलं आपल्या नवऱ्यालाही सांगू नये. आणि सोबत दवाखान्यात जावं.

एक अवघड गोष्ट राहिली. तिच्या बोलण्यात मरणाचे विचार जाणवले, तर सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बाईचा ऊर हलका होतो. ती हो म्हणाली तर तिला एकटी सोडू नका. शेतातली औषधं घरातून हलवा. त्याच दिवशी १४४१६ ला फोन करा किंवा दवाखाना गाठा. जिवावर बेतलं असेल तर १०८. पोलिसांच्या भीतीनं लपवू नका. जीव द्यायचा प्रयत्न करणारं माणूस मोठ्या ताणाखाली होतं, असंच २०१७ चा कायदा धरतो आणि त्याला शिक्षा करत नाही. अशा वेळी घरचे मानोत न मानोत, आपण थांबायचं नाही.

पुढच्या बैठकीत हिशोब झाला, सह्या झाल्या की पाच मिनिटं जास्त बसा. "झोप लागते का वं तुले?" एवढंच आजूबाजूला विचारा. बाकीचं आपोआप निघेल. आणि हे ऐकता ऐकता जिला वाटलं की ही आपलीच गोष्ट सांगून राहिली, तिला सांगते: बाई, तुझं दुखणं खरं आहे. त्याला औषध आहे. गटातली एक बाई निवड, आणि येत्या मंगळवारी तिच्यासंगं निघ.

येते मी. जोहार.