बाग पाहायला तिकीट

मंडळी, सहलीबद्दल दोन शब्द बोला म्हणालात, म्हणून उभा राहिलो.

मे महिन्यात आम्ही सहकुटुंब रत्नागिरीजवळची हापूसची बाग पाहून आलो. माणशी तिकीट, वर आमरस-पुरीचं जेवण! बँकेत असताना मी अशाच बागांत पीककर्जाच्या पाहणीला जायचो. कलमं मोजायची, सही घ्यायची, की परत. आंबा उतरवताना कधी पाहिलाच नाही.

या वेळी पाहिला. फळ चौदा आणे तयार झालं की झेल्याने देठासकट काढतात. देठ तुटला तर चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो, भाव जातो. नातवाने पहिलाच आंबा बिनदेठाचा काढला. गडी हसून म्हणाला, "हा घरात खायचा."

मालकांना विचारलं, तिकीट कशाला? "काका, अवकाळी पावसाने मोहोर गेला की पेट्या निम्म्या, फवारणीचा खर्च मात्र तेवढाच. पाहुणे आले तर मजुरी तरी सुटते."

मोहोर गेलेल्या अशाच एका वर्षी मी एका बागायतदाराला थकबाकीची नोटीस धाडली होती. नियमानुसारच. त्याची बाग मी पाहिली होती ती मोहोराने लगडलेली, जानेवारीत.

येताना दोन पेट्या आणल्या. पलंगाखाली अढी घातली, तर वासावरून शेजारी हजर!