नाथांचे पान
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



इतिहासातील एखादा धर्मपुरुष आज आपल्या घरी जेवावयास आला तर त्याला काय वाढाल, असा निबंध मी सेवेत असताना मुलांना घालीत असे. मुले बुद्धाला खीर वाढीत, गांधीजींना शेळीचे दूध देत आणि एकदा कोणी तरी तुकोबांना वडापाव दिला होता. आज तोच विषय मी माझ्यापुढे घेतला आहे, कारण आपल्या संमेलनाचे स्नेहभोजन थोड्याच वेळात मांडले जाणार आहे आणि बोलणे लांबले तर श्रोते मला क्षमा करणार नाहीत.

माझा पाहुणा पैठणचा आहे. सोळाव्या शतकातील सत्पुरुष एकनाथमहाराज यांनाच मी का निवडले, तर अन्य संतांच्या कथांत उपास, भजन, वनवास फार. नाथांच्या आख्यायिका पाहाव्यात तर त्यांतील निम्म्या पानावर घडतात. नाथ गृहस्थाश्रमी होते, वाड्यात राहत, रोज अतिथी असत. ‘ज्ञानेश्वरी’ची प्रत शुद्ध करणारा, एकादश स्कंधावरील आपला ग्रंथ काशीत १५७३ साली पुरा करणारा हा विद्वान; पण त्यांची खरी परीक्षा गावाने घेतली ती पंगतीत.

पहिला प्रश्न, वाढावे काय? आपण समुद्रकाठची माणसे. आपल्या घरचा मान म्हणजे पापलेट, आणि तो येथे उपयोगी नाही. वाड्याच्या कोलम तांदळाचा भात, तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, केळफुलाची भाजी, ताक. ताडगोळे ठेवावेत; देशावरच्या माणसाला त्यांचे नवल वाटेल. शेवटी डहाणू-घोलवडचा चिकू. नाथ चिकू हाती घेऊन ‘हे कोणते फळ?’ म्हणून निश्चित विचारतील, कारण हे झाड अमेरिका खंडातले, आणि बटाटा व मिरचीही तिकडचीच. नाथ पैठणास प्रवचने करीत होते तेव्हा आपल्या या किनाऱ्यावर पोर्तुगीज होते. वसई त्यांच्याकडे १५३४ साली गेली आणि तारापूरचा कोट मराठ्यांनी घेतला तो १७३९ साली. ज्या परक्यांना आपण घालविले त्यांनी आणलेली मिरची मात्र आपण घालविली नाही. अन्नाला सोवळे लागत नाही हे आपल्या जिभेने केव्हाच मान्य केले आहे. अडचण आहे ती माणसाची.

श्राद्धाची कथा आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. महिपतीबुवांनी १७६२ च्या ‘भक्तविजया’त नाथांची कथा सांगितली आहे आणि कीर्तनकारांनी ती घरोघर पोचविली आहे. पितरांसाठी स्वयंपाक झाला, त्याचा सुवास रस्त्याने जाणाऱ्या, त्या काळी अस्पृश्य लेखलेल्या एका कुटुंबाला आला, पोराने ते अन्न मागितले, आणि नाथांनी सारा स्वयंपाक त्यांना वाढून टाकला. मग घर सारवून पुन्हा रांधले. तरी ब्राह्मण आले नाहीत. तेव्हा पितरच पानावर येऊन बसले, असे कथा सांगते. पितर आले किंवा नाही यावर मी वाद करणार नाही. माझे लक्ष जाते गिरिजाबाईंकडे. एका दिवसात दोनदा श्राद्धाचा स्वयंपाक त्या माउलीने केला आणि तिच्या तोंडी तक्रारीचा शब्द कथेत नाही. कीर्तनकार नाथांच्या समतेवर तासभर बोलतात. चुलीपुढच्या समतेवर कोणी बोललेले मी ऐकले नाही.

दुसरी कथा राण्या नावाच्या भक्ताची. गावाबाहेरच्या वस्तीतील हा माणूस नाथांना जेवावयास बोलावतो आणि नाथ जातात. येथे फरक लक्षात घ्यावा. आपल्या दारी आलेल्याला वाढणे हे दान होय. त्यात देणारा वरच्या पायरीवर राहतो. दुसऱ्याच्या घरी जाऊन त्याच्या हातचे खाणे यात पायरीच उरत नाही. म्हणूनच की काय, लोकांना ही गोष्ट पचेना आणि कथेलाही चमत्काराचा आधार घ्यावा लागला: त्याच वेळी नाथ स्वतःच्या घरीही दिसले म्हणे.

तिसरी कथा घरातलीच आहे. पुत्र हरिपंडित विद्वान, पण वडील प्राकृतात प्रवचन करतात आणि परान्न घेतात म्हणून रुसून काशीस गेले. नाथांनी त्यांच्या दोन्ही अटी मान्य करून त्यांना परत आणले. पुढे एका वृद्धेने सहस्र ब्राह्मणभोजनाच्या संकल्पाऐवजी एकट्या नाथांना बोलाविले. नाथ जेवले, आणि हरिपंडित उष्टी पत्रावळ उचलू लागले तो खाली दुसरी, तिच्याखाली तिसरी, अशा हजार पत्रावळी निघाल्या. मला यात हजाराच्या आकड्याचे महत्त्व वाटत नाही. उष्टे उचलावयाचे काम पंडिताच्या हाती आले, यातच शिक्षण आहे.

या कथांचे तेज अलीकडेपर्यंत इतके होते की १९३५ साली प्रभात कंपनीने शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाखाली नाथांवर बोलपट काढला. त्यात बालगंधर्व नाथ झाले. चित्राचे नाव आधी ‘महात्मा’ होते, ते सेन्सॉरमुळे ‘धर्मात्मा’ करावे लागले. त्याआधी १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिच्यात प्रमुख. सभासद होताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. पण हे सारे गुप्तपणे चाले, आणि सभासदांची नावे फुटतील अशी वेळ येताच सभा विरून गेली. नाथांच्या कथांत हे दार बंद करून जेवणे कोठेच नाही.

आता आपल्या भागाकडे येतो. शाळेत शिजवलेला पोषण आहार सुरू झाला तेव्हा मी एका गावी शिक्षक होतो. प्रारंभी काही पालकांनी मुलांबरोबर घरचा डबा धाडला. कारण सरळ कोणी सांगितले नाही. ‘खिचडी सोसत नाही’ असे निरोप आले. आदिवासी पाड्यावरील बाई खिचडी रांधीत होत्या, हे मात्र सर्वांस माहीत होते. पंधरवड्यातच डबे बंद झाले. उपदेश मी केला नाही, ठरावही झाला नाही. डबेवाली मुलेच खिचडीच्या रांगेत जाऊन उभी राहिली, कारण वासाला जात नसते आणि भुकेची वेळ सर्वांची एकच असते.

बोईसरला कारखान्यांच्या कँटीनमध्ये आपली मुले बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशच्या माणसांच्या मांडीला मांडी लावून जेवतात. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाल्यापासून ही सवय वाढतच गेली आहे. पण तोच सहकारी लग्नाला आला की त्याचे पान कोठे मांडावे याचा विचार पडतो, आणि आपण बुफे ठेवून त्या विचारातून सुटतो. बुफेने समता आली असे काही तरुण म्हणतात. मला वाटते की बुफेने केवळ पंगतीचा प्रश्न उभ्या उभ्या आटोपला.

आता कल्पना करा की नाथ या मंडपात आले आहेत. अध्यक्षांच्या शेजारी रांगोळी काढलेले पान आहे, समई आहे, कार्यवाह तूप घेऊन उभे आहेत. नाथ हात धुतील, मंडपाच्या मागे पाहतील आणि विचारतील, ‘मागे भांडी घासणाऱ्या बायांची पाने कोठे आहेत?’ आपण म्हणू, ‘महाराज, त्या मागाहून जेवतील.’ नाथ म्हणतील, ‘मग मीही मागाहून बसतो.’ आता आली पंचाईत! मुख्य पाहुणा बसल्यावाचून पंगत सुरू होत नाही, आणि पंगत उठल्यावाचून त्या बाया बसत नाहीत. भात निवत आहे.

कोणी म्हणेल की हे ज्ञातीचे संमेलन आहे, बाहेरच्यांना बसविण्याचा येथे संबंध काय. ज्ञातिमंडळाला माझा विरोध नाही. याच मंडळाच्या शिष्यवृत्तीवर आपली किती तरी मुले शिकली. परंतु ज्यांनी आज पहाटेपासून पाणी भरले, वाल सोलले, भाकऱ्या थापल्या, ती माणसे आपल्या अन्नापुरती बाहेरची नाहीत. अस्पृश्यता घटनेच्या सतराव्या कलमाने १९५० सालीच नष्ट केली. मागाहून जेवण्याविषयी मात्र कोणत्याही कलमात काही लिहिलेले नाही, ते आपल्या कार्यकारिणीनेच लिहावयाचे आहे.

म्हणून माझी सूचना अशी. पुढील वर्षी स्नेहभोजन फाल्गुन वद्य षष्ठीस, म्हणजे नाथषष्ठीस ठेवावे. स्वयंपाकी, पाणके, भांडी घासणाऱ्या बाया व मंडप घालणारे यांची पाने पहिल्या पंगतीत मांडावीत, आणि त्या पंगतीत वाढण्याचे काम कार्यकारिणीच्या सदस्यांनी स्वतः करावे. उष्टी उचलण्यास माझे नाव पहिले लिहून घ्यावे. माझे गुडघे दुखतात, तरी पत्रावळी हलक्या असतात. खर्च वाढेल तो सुमारे चाळीस पानांचा, आणि तो मंडपाच्या झुंबरांतून सहज निघेल. हा प्रश्न अध्यक्षमहाराजांनी आजच सभेपुढे मतास टाकावा अशी विनंती करून मी खाली बसतो.