तान्ह्या पाहुण्याचे घड्याळ

सुरतेतील अनेक मराठी कुटुंबांत अलीकडे एक प्रसंग वारंवार घडतो. अमेरिकेत राहणारी मुलगी किंवा सून दीड वर्षाच्या बाळाला घेऊन प्रथमच घरी येते. आजीने जावळाचा बेत आखलेला असतो, आजोबांनी माळ्यावरचा जुना पाळणा पुसूनपासून ठेवलेला असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास शेजारीपाजारी बाळ पाहायला जमतात, आणि बाळ गाढ झोपलेले असते. कोणी हौसेने त्याला उचलून घेते. ते किंचाळून रडू लागते. रात्री अडीच वाजता मात्र तेच बाळ टक्क डोळे उघडून, खुदुखुदु हसत अंथरुणात खेळायला बसते. 'पोर हट्टी झाले', 'दृष्ट लागली', 'तिकडे वळणच लावलेले नाही' असे शेरे कानी पडतात आणि आधीच थकलेल्या आईच्या डोळ्यांत पाणी उभे राहते.

वस्तुतः बाळाचे वागणे अत्यंत नियमित असते. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ सुरतेच्या साडेनऊ तास मागे असते. सुरतेत सकाळचे दहा वाजतात तेव्हा तेथे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. आणि सुरतेत रात्रीचे अडीच वाजतात तेव्हा तेथे सायंकाळचे पाच, म्हणजे मुलांच्या खेळण्याची ऐन वेळ. बाळ सुरतेला पोहोचले आहे; त्याच्या देहातले घड्याळ अद्याप वाटेतच आहे. यालाच 'जेट लॅग' म्हणतात.

सुरत हे शहर परदेशच्या प्रवाशांना नवखे नाही. 'हेक्टर' हे इंग्रजांचे जहाज 1607 साली इंग्लंडहून निघाले आणि 1608 साली सुरतेच्या किनाऱ्याला लागले. लंडन आणि सुरत यांच्या सूर्योदयात जवळजवळ पाच तासांचे अंतर आहे. परंतु वर्षाहून अधिक लांबलेल्या त्या प्रवासात या फरकाचा वाटा सरासरीने दिवसाला एक मिनिटसुद्धा येत नाही. खलाशांच्या झोपेला त्याचा पत्ताही लागला नसेल. 8 जून 1948 रोजी एअर इंडियाचे पहिले विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा या मार्गाने लंडनला गेले आणि 1960 साली त्या कंपनीची जेट विमाने न्यूयॉर्कपर्यंत जाऊ लागली. तेव्हापासून माणसाचे शरीर एका दिवसात अर्धी पृथ्वी ओलांडते. त्या शरीराची घडण मात्र बैलगाडीच्या काळातलीच राहिली आहे.

हे देहातले घड्याळ म्हणजे केवळ कविकल्पना नाही. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांकडून येणाऱ्या मज्जातंतूंच्या नजीक, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. झोप, जाग, भूक आणि शरीराची उष्णता यांचे वेळापत्रक तो राखतो. पेशींच्या अंतरंगात हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तीन अमेरिकी शास्त्रज्ञांना 2017 साली नोबेल पारितोषिक मिळाले. या घड्याळाला किल्ली देण्याचे मुख्य साधन एकच, आणि ते म्हणजे प्रकाश. डोळ्यांवर पडणारा दिवसाचा उजेड आणि रात्रीचा काळोख यांवरून ते आपले काटे हळूहळू सरकवते. दर एका तासाच्या फरकामागे साधारण एक दिवस, असा ढोबळ हिशेब सांगतात. पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो व तो शरीराला सोसतो. पूर्वेकडे येताना रात्र आखूड होते, ती अधिक जाचते.

सर्वच मुलांना हा त्रास सारखा होत नाही. नवजात अर्भकाला रात्र आणि दिवस यांचा भेदच ठाऊक नसतो; त्याचे घड्याळ दोन-तीन महिन्यांनंतर लयीत येऊ लागते. म्हणून दीड महिन्याचे बाळ वेळेच्या फरकाने फारसे बिघडत नाही. त्याच्या बाबतीत प्रश्न असतो तो संसर्गाचा आणि लसींचा. आपल्याकडे जन्मानंतरच्या लसींनंतरचा पुढचा टप्पा सहाव्या आठवड्यात येतो, हे ध्यानात घेऊन प्रवासाचा दिवस डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावा हे श्रेयस्कर. खरी परीक्षा असते एक ते तीन वर्षांच्या मुलाची. त्याच्या झोपेची लय पक्की झालेली असते. परंतु 'आता वेगळ्या देशात आलो' हे त्याला समजावून सांगता येत नाही.

सुरतेहून निघणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. सुरतेच्या विमानतळावरून 2019 साली शारजाची आणि 2023 साली दुबईची सेवा सुरू झाली. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने त्याला आंतरराष्ट्रीय विमानतळाचा दर्जा दिला. परंतु आखातातल्या आणि सुरतेच्या वेळेत फरक अवघा दीड तासाचा. तेवढ्याने मुलाचे घड्याळ बिघडत नाही. चार दिवसांचाच मुक्काम असेल तर मुलाला घरच्याच वेळेवर ठेवावे. युरोप-अमेरिकेच्या दूरच्या प्रवासासाठी बहुतेकांना मुंबई गाठावी लागते. मुंबई येथून सुमारे 260 किलोमीटर. मुंबईहून जाणारी अनेक लांब पल्ल्याची विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. म्हणजे दुपारी सुरतेहून गाडीत बसलेले मूल विमान सुटेपर्यंतच दहा-बारा तास घराबाहेर असते. मूल विमानात रडले असे सर्वजण म्हणतात; पण त्या रडण्याचे मूळ बऱ्याचदा बोरीवली स्थानकावरच्या धावपळीत असते. शक्य असेल त्यांनी सकाळच्याच गाडीने मुंबई गाठावी, नातलगाच्या घरी मुलाला आंघोळ घालून, दोन घास भरवून, दुपारची झोप पुरी होऊ द्यावी. एवढ्या एका व्यवस्थेने अर्धा प्रवास सुखाचा होतो.

विमानात बाळासाठी पुढच्या भिंतीला अडकवण्याचा छोटा पाळणा मिळतो. तो तिकीट काढतानाच मागून ठेवावा लागतो आणि त्याला वजनाची मर्यादा असते. पट्टे बांधण्याची सूचना होताच बाळाला पाळण्यातून उचलून घ्यावे लागते, तेव्हा सलग झोपेची फार आशा धरू नये. विमान उंचावर असताना आतील हवेचा दाब सुमारे सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावा तितका असतो. विमान खाली उतरू लागले की दाब वाढतो, कानाच्या पडद्यावर ताण येतो आणि बाळ कळवळते. घोट गिळताना घशातून कानाकडे जाणारी नळी उघडते व दाब समान होतो. म्हणून उतरण्याच्या शेवटच्या अर्ध्या तासात बाळाला अंगावर पाजावे, बाटली अथवा चोखणी द्यावी. मोठ्या मुलाला घोटघोट पाणी द्यावे. विमानातील हवा अतिशय कोरडी असते, त्यामुळे अंगावरचे दूध अधिक वेळा पाजावे. सहा महिन्यांखालील बाळाला वरचे पाणी देण्याची गरज नसते. भुकटीचे दूध आयत्या वेळी, उकळलेल्या पाण्यात कालवावे. कालवून तासन्‌तास ठेवलेले दूध पोटाला अपाय करते. मोठ्या मुलासाठी केळे, मऊ भात, दशम्या असे घरचे ओळखीचे खाणे बरोबर असावे. हातातल्या पिशवीत बाळाच्या कपड्यांचे दोन जोड आणि आईसाठी एक जोड असावा; बाळाची ओकारी शेवटी आईच्याच पदरावर होते.

येथे एका धोक्याविषयी स्पष्ट बोलणे अवश्य आहे. मूल वाटेत निजावे म्हणून सर्दीचे गुंगी आणणारे औषध पाजण्याचा सल्ला अनेकजण सहज देऊन जातात. हा मोह जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत कामाला जाणाऱ्या अनेक बाया तान्ह्या मुलाला 'बाळागोळी' देऊन जात. त्या गोळीत अफू असे. मूल दिवसभर गप्प पडून राही, आणि ते गप्प आहे म्हणून ठीक आहे असे घरच्यांना वाटे. त्या बायांपुढे पोटाचा प्रश्न होता, मुलाला सांभाळणारे कोणी नव्हते. त्यांना दोष देता येणार नाही. आजच्या सुशिक्षित घराला मात्र ती सबब उरलेली नाही. गुंगीच्या औषधाने काही मुले उलट अधिकच चिडतात. प्रोमेथाझिनसारखे औषध तर दोन वर्षांखालील मुलाचा श्वास मंदावू शकते, म्हणून त्या वयात ते वर्ज्य मानतात. झोपेसाठी मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्याही डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. विमानातल्या दोनशे प्रवाशांची झोपमोड झाली तर ती उद्या भरून निघेल. रडणारे मूल हा अपराध नाही, आणि त्याच्या आईने कोणाची क्षमा मागण्याचेही कारण नाही.

घरी पोहोचल्यावरचा उपाय अगदी साधा आहे. पण त्याला सर्व घराची साथ लागते. रात्र कशीही गेली असली तरी सकाळी सात-आठच्या सुमारास बाळाला हळुवारपणे जागे करावे आणि गच्चीवर किंवा अंगणात कोवळ्या उन्हात अर्धा-पाऊण तास घेऊन बसावे. सुरतेचा उन्हाळा कडक, म्हणून ही वेळ लवकर साधावी. दिवसा पडदे उघडे ठेवावेत. दुपारी झोपू द्यावे. पण दोन तासांनंतर उठवावे. जेवणखाण येथल्या घड्याळाप्रमाणे द्यावे. रात्री बाळ जागे झाले तर त्याची भूक खरी असते, हे विसरू नये. त्याच्या पोटाला ती जेवणाचीच वेळ वाटत असते. मंद दिव्यात दूध पाजावे, चार घास मऊ भात भरवावा, हलक्या आवाजात थोपटावे. परंतु दिवे लावून, मोबाइल हाती देऊन, घरभर नाचवून रात्रीचा दिवस करू नये. बहुधा आठवड्याभरात बाळ सुरतेचे होते.

आप्तेष्टांनी करावयाची गोष्ट याहूनही सोपी आहे. पहिले चार दिवस बाळाला पाहायला सकाळी जाऊ नये. सायंकाळी साडेपाचनंतर जावे. त्या वेळी न्यूयॉर्कला नुकतीच सकाळ झालेली असते आणि बाळ झोप पुरी होऊन प्रसन्न असते. जावळ, बारसे किंवा कुलदैवताचे दर्शन हे बेत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ठेवू नयेत. आठवडा गेल्यावरचा मुहूर्त काढण्यास कोणत्याही गुरुजींची हरकत नसावी.

आणि आईचे काय? बाळाला निदान वाटेत डुलकी लागते. आई मात्र दोन दिवस जवळजवळ जागी असते आणि तिच्याही देहातले घड्याळ तितकेच मागे असते. तरी पहाटे चहाला ती उठावी अशी अपेक्षा केली जाते. थकव्याने धोके उद्भवतात. मध्यरात्री मुंबईत उतरलेल्या बापाने तशीच मोटार हाकीत सुरत गाठू नये. आगगाडी पाहावी किंवा विश्रांती घेतलेला चालक बोलवावा. सुरतेच्या घराघरांत झोपाळा असतो. पण झोपेने डोळे मिटत असताना बाळाला मांडीवर घेऊन झोपाळ्यावर किंवा सोफ्यावर बसू नये. डुलकी लागून बाळ निसटण्याची अथवा अंगाखाली दबण्याची भीती असते. बाळाला सपाट अंथरुणावर उताणे निजवावे. रात्रीच्या जागरणाच्या पाळ्या लावाव्यात. आजी-आजोबांना म्हातारपणी पहाटे तीन-चारला जाग येतेच. ती पाळी त्यांनी आनंदाने घ्यावी आणि आईला सलग चार तास निजू द्यावे.

भुसावळ-सुरत लोहमार्गावरच्या पॅसेंजरमध्ये बसून, पत्र्याची एक पेटी घेऊन, खानदेशातून अनेक मराठी माणसे पोटासाठी सुरतेला आली. नव्या गावात रुळायला त्यांना वर्षे लागली, आणि कोणीतरी त्यांना सांभाळून घेतले म्हणूनच ती रुळली. त्यांची नातवंडे आज सात समुद्र ओलांडून त्याच घरी येतात आणि रुळायला अवघा एक आठवडा मागतात. पहाटे तीन वाजता, सारी सोसायटी निजलेली असताना, खिडकीशी बसलेले आजोबा आणि मांडीवर टक्क जागे असलेले नातवंड यांची जी ओळख होते, ती दिवसाच्या गर्दीत होत नाही. त्या घटकेला कोणी जागरण म्हणून कुरकुरू नये.