मुहूर्त साधला, डाव निसटला
(सिरसाळा येथील व्याख्यानातून)

निवडणुकीचे गणित परळी तालुक्याला शिकवायला बाहेरचा माणूस कशाला हवा? कै. गोपीनाथराव मुंडे इथल्याच नाथ्र्याचे. ते उपमुख्यमंत्री असतानाचेच, १९९९ चे उदाहरण घेतो.

युती शासनाची मुदत मार्च २००० पर्यंत होती. जूनमध्ये राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली आणि विरोधकांची मते फुटणार हे उघड झाले. तेव्हा सुमारे सहा महिने आधी, सप्टेंबरात, लोकसभेबरोबरच विधानसभेचीही निवडणूक झाली. मतदानापुरता हा हिशेब अगदीच चुकला, असे मी म्हणणार नाही. शिवसेना ६९, भाजप ५६. काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८. परंतु २८८ च्या सभागृहात बहुमताला १४५ हवे होते.

गेम थिअरी नावाचे शास्त्र सांगते, डाव शेवटाकडून मागे मोजत यावा. प्रतिपक्षाची अखेरची चाल आधी पाहावी. इथे डाव मतदानाने संपतच नव्हता. प्रचारात परस्परांवर तुटून पडलेल्या दोन्ही काँग्रेस निकालानंतर एकत्र आल्या, अपक्ष व लहान पक्ष जोडले गेले आणि १८ ऑक्टोबरला विलासराव देशमुखांनी शपथ घेतली. २००४ मध्ये लोकसभा पुन्हा मुदतीपूर्वी विसर्जित झाली, तेव्हा महाराष्ट्रात हे दोन पक्ष मतदानाआधीच एकत्र होते.